डाल्याखालचे पाय

आमच्या भागात पुढाऱ्याची परीक्षा सतरंजीवर होते. कुणाच्या घरी माणूस गेलं की अंगणात सतरंजी पडते. येणाऱ्याने चपला बाहेर काढायच्या, राम राम म्हणायचा नाही, मान खाली घालून थेट आत जायचं, मांडी घालायची आणि गप्प बसायचं. किती वेळ गप्प बसला त्यावरून माणूस किती जवळचा ते ठरतं. लग्नाला न आलेल्याला लोक माफ करतात. सतरंजीवर न बसलेला माणूस मात्र नातवंडांपर्यंत लक्षात राहतो.

माझे थोरले बंधू, ज्यांना घरात आम्ही दादा म्हणतो, या परीक्षेत चाळीस वर्षं पहिल्या नंबराने पास होत आले. ते एकदा पंचायत समितीचे सभापती होते. पद जाऊन वीस वर्षं झाली, पण गावाच्या तोंडी ते अजून सभापतीच आहेत. भाषणात त्यांची गती बेताची. दर दोन वाक्यांनी ‘या ठिकाणी’ म्हणतात आणि ते ठिकाण कोणतं हे शेवटपर्यंत कळत नाही. पण बसायला पक्के. चौसाळ्यापासून आतल्या सगळ्या वाड्यावस्त्यांवर असं अंगण नसेल जिथे दादा मांडी घालून गप्प बसले नाहीत.

मग त्यांचा उजवा गुडघा गेला.

बीडच्या डॉक्टरांनी फोटो काढला, तो उजेडाला धरला आणि सांगितलं, ऑपरेशनचं पुढे बघू, वजन कमी करा आणि खाली बसू नका. म्हणजे आचाऱ्याला चुलीजवळ जाऊ नका म्हटल्यासारखं झालं. यावर दादांच्या ड्रायव्हरने तोडगा काढला. हा गृहस्थ पन्नाशीचा आणि दादांपेक्षाही दादांच्या मानाची जास्त काळजी करणारा. त्याने गाडीत मागे एक लाल प्लास्टिकची खुर्ची ठेवली. दादा कुठेही गेले की आधी खुर्ची उतरायची, मग दादा.

लग्नात हे खपून गेलं. अडचण झाली ती दादांच्या मित्राच्या दारात.

हा मित्र मेंढपाळ. दादा आणि तो चौथीपर्यंत एका बाकावर आणि पुढे आयुष्यभर एका बांधावर बसले. आमची शेती आणि त्याचं घर शेजारी. त्याच्या आईने दादांना लहानपणी स्वतःच्या मुलाइतक्याच भाकरी आणि स्वतःच्या मुलाइतकेच धपाटे घातलेले. दादांना उभ्या तालुक्यात ‘बे’ म्हणणारा तो एकटा माणूस. सभापती झाले त्या दिवशी हारांच्या ढिगाऱ्यातून त्याने हाक मारली होती, “आता तरी नेलेला माझा विळा परत दे बे.”

त्याचा थोरला भाऊ वारला. आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो. अंगणभर माणसं खाली बसलेली. ड्रायव्हरने सवयीने खुर्ची आणली आणि सतरंजीच्या बरोबर मधोमध मांडली. दादा बसले. सगळी तोंडं त्यांच्या गुडघ्याच्या उंचीवर. त्या शांततेत खुर्ची दोनदा करकरली. मित्र पाण्याचा तांब्या घेऊन आला, दादांपुढे वाकला आणि म्हणाला, “सभापतीसाहेब, पाणी घ्या.”

एवढंच. भांडण नाही, टोमणा नाही. पण त्या दिवसापासून तो आमच्या ओसरीवर आला नाही. बांधावर भेटला तर “नमस्कार साहेब” म्हणायचा आणि मेंढ्यांकडे बघायचा.

दादांनी हे कुणाला बोलून दाखवलं नाही. महिन्याभराने एकदा गुडघा चोळता चोळता मला म्हणाले, “त्याची आई नव्वदीची झाली. उद्या काई कमीजास्त झालं तर मी काय तिच्या दारात खुर्ची घेऊन जाऊ?”

“गुडघ्याचं सांग की त्याला.”

“सांगायचं असतं व्हय असं? त्याचा भाऊ गेला आन् मी माझा गुडघा सांगत बसू?”

तर असं होतं. म्हातारी ठणठणीत होती, रोज पहाटे उठून शेळ्यांना पाला टाकत होती, आणि इकडे माझा भाऊ तिच्या दुःखात बसता यावं म्हणून उपाय शोधत होता. यात काही विचित्र आहे असं त्याला वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही वाटलं नाही.

दिंद्रुडकडचे एक गृहस्थ दर मंगळवारी चौसाळ्याला येत आणि खत-बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत अ‍ॅक्युपंक्चर करत. गाव त्यांना ‘सुईवाले सर’ म्हणे. ड्रायव्हर आधी जाऊन पाहणी करून आला. “सभापती,” तो म्हणाला, “लोक लंगडत वर जातेत आन् लंगडतच खाली येतेत. पण येताना हासत येतेत.”

दादांना हे पुरेसं होतं. प्रश्न जिन्याचा होता. सभापतींना बाजाराच्या दिवशी एकेक पायरी बसत बसत चढताना गावाने बघितलं असतं, म्हणून सरांनाच घरी बोलावलं. सर बारीक अंगाचे, चाळिशीचे, हातात स्टीलचा डबा. मला वाटलं होतं की भगवं उपरणं, चिनी चित्रं, असलं काहीतरी येईल. आला तो शाळेतल्या प्रयोगशाळेच्या परिचरासारखा दिसणारा माणूस.

दारात आलेल्या पाहुण्याचा सत्कार केल्याशिवाय दादा त्याला पाणी देत नाहीत. सरांना शाल, नारळ, फेटा झाला. सर ‘वेळ होतोय’ म्हणत होते तेवढ्यात दादा भाषणाला उभे राहिले. चिनी विद्या या ठिकाणी कशी आली, आपल्या पूर्वजांना या ठिकाणी ती आधीच कशी माहीत होती, असं अर्धा तास चाललं. दुखऱ्या पायावर अर्धा तास उभं राहिल्याने उपचाराला बसेपर्यंत गुडघा चांगला तयार झाला होता.

मी निवृत्त ग्रंथपाल आहे. लोकांनी पुस्तकं न वाचता परत केलेली ओळखण्यात माझी हयात गेली, त्यामुळे विश्वास ठेवायची सवय राहिलेली नाही. सर सुया काढत असताना मी विचारलं, “ती शक्ती का काय म्हणतात, ती नेमकी कुठून वाहते?”

“काय सांगू,” सर म्हणाले. “मला तरी कुठं दिसलीय? शिकवलं तिथं टोचतो. कुणाला बरं वाटतं, कुणाला न्हाई वाटत.”

या उत्तराने माझी पंचाईत झाली. ढोंगी माणसाशी भांडायची तयारी मी रात्रभर केली होती. प्रामाणिक माणसासाठी माझ्याकडे काहीच नव्हतं.

सरांनी एक कागदही दिला. त्यात ऋतूप्रमाणे वागणूक लिहिली होती. उन्हाळ्यात धने-जिऱ्याचं पाणी, पावसाळ्यात सुंठेचा काढा, थंडीत तिळाच्या तेलाची मालीश, वर गरम केलेलं एरंडाचं पान बांधायचं, सकाळी मेथीचा लाडू. दादांनी तो कागद ओसरीवर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

“हेच मी लग्न झाल्यापासून सांगायले,” त्या म्हणाल्या. “मला कुणी शाल पांघरली न्हाई.”

दादा म्हणाले, “तू कागदावर कुठं दिलतं?”

दुसऱ्या मंगळवारी खरी अडचण आली. दादा ओसरीवर आरामखुर्चीत, पाय समोर स्टुलावर, गुडघ्याभोवती चार सुया आणि दोन्ही पावलांवर दोन-दोन. सर म्हणाले, “वीस मिनिटं हलायचं न्हाई.” आणि ते हात धुवायला मागे गेले. तेवढ्यात वस्तीवरचा एक शेतकरी कामासाठी आला. सभापती दिसले, पाय समोर दिसले. आमच्याकडे थोरल्या माणसाचे पाय दिसल्यावर कुणी विचार करत बसत नाही. तो वाकला आणि त्याने दोन्ही हातांनी, मनापासून, पावलं धरली.

दादांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे झालं ते मी कधी विसरणार नाही. चाळीस वर्षांचं राजकारण पणाला लागलं होतं. त्यांनी ओरडणं गिळलं, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाले, “सुखी राहा.” डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. त्या शेतकऱ्याने वस्तीवर जाऊन सांगितलं, मला बघून सभापतींचे डोळे भरून आले, असा माणूस होणे नाही. पुढच्या मंगळवारी वस्तीवरचे आणखी चौघे पाया पडायला आले.

सर म्हणाले, “लोकांना सांगा, पायाला हात लावू नका.”

“असं कसं सांगू?” दादा म्हणाले. “वाकलेल्या माणसाला उभा राहा म्हणायचं? तो उद्या दुसऱ्याच्या दारात वाकंल.”

तिढा वहिनींनी सोडवला. त्यांनी परड्यातून कोंबडी झाकायचं डालं आणलं, झटकलं आणि दादांच्या पावलांवर पालथं घातलं. खाली बसलेली कोंबडी बेघर झाली आणि मंगळवार-मंगळवार सरांकडे रागाने बघत ओसरीखाली फिरू लागली.

माझा अंदाज होता की डालं बघून लोक थांबतील. लोक डाल्याच्या पाया पडू लागले. आधी संकोचाने, मग सवयीने. येणारा वाकायचा, वेताला बोटं लावायचा, बोटं कपाळाला लावायचा आणि मग कामाचं बोलायचा. नवरात्रात कुणीतरी डाल्याला हळदकुंकू वाहिलं. एका शुक्रवारी एक उत्साही कार्यकर्ता आला, दादा घरात नव्हते, डालं अंगणात होतं. त्याने त्यालाच नमस्कार केला. त्या दिवशी आत कोंबडी होती. तिने फटीतून त्याचं बोट टोचलं. “लई पावर हाय,” असं तो वहिनींना म्हणाला आणि वहिनींनी त्याचा समज तसाच ठेवला.

पावसाळा सुंठेत गेला, थंडी तिळाच्या तेलात. घरभर एरंडाच्या पानांचा वास. सरांनी सांगितलं होतं की रोज थोडं थोडं खाली बसायचा सराव करा. मग माझ्या पुस्तकांचा या घरात पहिल्यांदा उपयोग झाला. मी एकावर एक सात जाड पुस्तकं रचली, वर घोंगडं टाकलं. दादा त्यावर बसत. दर दोन-तीन आठवड्यांनी एक पुस्तक काढायचं. आधी शब्दकोश गेला, मग दोन इतिहास. एका पुढाऱ्याचं चरित्र दादांनी बरेच दिवस काढू दिलं नाही. बसायला तेच सगळ्यात मऊ आहे म्हणाले. मी ते वाचलं होतं, त्यामुळे मला पटलं.

संक्रांतीच्या सुमारास एकच पुस्तक उरलं. मधल्या काळात माझी मानही सरांनी टोचली होती, हे इथे लिहून टाकतो. फरक पडला. वीस मिनिटं मोबाइलमध्ये मान न घातल्यामुळे पडला असावा, असं मी सरांना म्हणालो. “असंल की,” सर म्हणाले आणि पुढची सुई लावली.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी ड्रायव्हर धावतच ओसरीवर आला. तो मित्राच्या घरावरून आला होता.

“सभापती, म्हातारी गेली वाटतं.”

“कुणी सांगितलं?”

“सांगायचं काय? धा-बारा माणसं वल्ल्या धोतरानं वढ्याकून आली आन् गप अंगणात बसली. आन् त्यानं डोस्कं केलंय चकोट.”

यानंतर विचारण्यासारखं काही राहत नव्हतं. ओलं धोतर, मुंडण केलेला मुलगा, अंगणात गप्प बसलेली माणसं. दादा उठून आत गेले आणि पांढरे कपडे घालून आले. ड्रायव्हरने खुर्चीकडे बघितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “ती उतरवलीस तर तुला बी उतरवीन.”  गाडीत दादा दोन्ही हातांनी गुडघा दाबत होते. मी शेवटच्या पुस्तकाचा विचार करत होतो. ते पुस्तक अजून काढलं नव्हतं.

अंगणात खरंच माणसं होती, खाली, ओल्या धोतरांत, गप्प. दादांनी चपला काढल्या, मान खाली घातली, कुणाकडे न बघता थेट मधोमध गेले. क्षणभर थांबले. मग डावा हात जमिनीला टेकवला, ओठ दाबले आणि हळूहळू खाली गेले. मांडी पुरती जमली नाही, पण बसले. जमिनीवर बसले. मी त्यांच्या मागे बसलो.

शांतता. दादांना शांत बसलेलं बघून अंगणातली माणसं अधिकच शांत झाली. मित्र दारात आला, दादांना खाली बघून थबकला आणि तोही गप्प बसला. त्याचा चेहरा उतरलेला. असा बराच वेळ गेला. एकाने उपरण्याने डोळे पुसले. नंतर मला त्याने सांगितलं की सभापती पांढऱ्यात येऊन असे बसले म्हणजे कुणीतरी फार मोठं माणूस गेलं असणार, असं सगळ्यांना वाटलं होतं, आणि विचारायची कुणाची छाती होईना.

तेवढ्यात आतून काठी वाजली आणि म्हातारी दारात आली.

“कोण मेलं रं?”

दादांनी मान वर केली. 

“कुणी न्हाई, आई,” ते म्हणाले. “तुला भेटायला आलतो.”

“मग असं तोंड कशापायी केलंस?”

मित्राने दादांच्या पांढऱ्या कपड्यांकडे बघितलं, मग ओल्या धोतरांकडे, मग आपल्या डोक्यावरून हात फिरवला. तो तिरुपतीला जाऊन आला होता. आणि ती माणसं लोकर कातरायला जमलेली. सकाळी ओढ्यात मेंढ्या धुतल्या, त्या घरामागे उन्हात वाळत होत्या, तोवर ही मंडळी दमून चहाची वाट बघत बसली होती. मित्राने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

म्हातारीला कळायला त्याच्याहून कमी वेळ लागला. “माझ्या मयतीला आलास व्हय?”

दादांनी मान खाली घातली.

“बरं केलंस. मेल्यावर आला असतास तर मला कसं कळलं असतं?” ती दोन पावलं पुढे आली. “आन् तुझ्या पायावर डालं झाकतेत म्हणं. कोंबडा झालास काय?”

अंगणात हसू फुटलं. दादाही हसले. मग म्हातारीने काठी ड्रायव्हरकडे रोखली. “ती लाल खुर्ची हाय का रं गाडीत? आण हिकडं. मला खाली बसल्यावर उठायलाच येत न्हाई. ह्या घरात कुणाला सुचलं न्हाई.”

ड्रायव्हरने दादांकडे बघितलं. दादांनी मान हलवली. खुर्ची आली, बरोबर त्याच जागी, अंगणाच्या मधोमध, आणि म्हातारी तिच्यात बसली. या वेळी खुर्ची करकरली नाही.

चहा झाला. मेंढ्या वाळल्या. एकेक मेंढी आडवी पडू लागली, कात्र्या सुरू झाल्या, काळी लोकर ढिगाने पडू लागली. मी दोनदा खुणावलं की निघू या. दादा म्हणाले, “बसू की जरा.” त्यांनी जवळच्या मेंढीचे पाय धरले, कातरणाऱ्याला पावसापाण्याचं विचारलं, दुसरी मेंढी आली तिचेही पाय धरले. पाचव्या मेंढीपर्यंत माझ्या लक्षात आलं. सुयांनी, तिळाच्या तेलाने आणि माझ्या सहा पुस्तकांनी दादांना खाली बसवलं होतं. उठण्याचा सराव आम्ही कुणीच घेतला नव्हता. घरी भिंत धरायला असायची.

मित्राच्या ते माझ्याआधी लक्षात आलं असावं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो कात्री ठेवून समोर उभा राहिला.

“उठता येत न्हाई व्हय?”

“येतंय की.”

“मग ऊठ.”

दादांनी मेंढीच्या पायाकडे बघितलं. “गुडघा गेलाय,” ते म्हणाले. “दीड वरीस झालं.”

 मित्र बहुतेक महिने मोजत असावा. त्याचा भाऊ कधी गेला, गुडघा कधी गेला. मग तो मागे आला, अडलेली मेंढी उचलतात तसे त्याने दादांच्या काखेत दोन्ही हात घातले आणि गुडघ्याने पाठीला रेटा दिला.

“ऊठ बे,” तो म्हणाला. “लई जड झालास.”

खुर्ची आम्ही तिथेच ठेवली. गाडीत दादांच्या पांढऱ्या कपड्यांना सगळीकडे काळी लोकर चिकटली होती आणि ते ती झटकत नव्हते. गाडी रस्त्याला लागली.

“बे म्हणला,” दादा म्हणाले.

“ऐकलं,” मी म्हणालो.